दुसऱ्यासाठी मागितलेले मागणे

प्रार्थनेविषयी मराठीत थोडेथोडके लिहिले गेलेले नाही. समर्थांच्या करुणाष्टकांत भक्त आपल्या उद्धारासाठी देवास आळवितो; १८६७ साली मुंबईस स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने तर प्रार्थना हेच उपासनेचे मुख्य अंग मानिले व तिच्या स्वरूपाचा व्याख्यानांतून पुष्कळ ऊहापोह केला. तथापि या विवेचनात बहुधा मागणारा भक्त व देणारा देव या दोघांच्याच संबंधाचा विचार असतो. या दोघांखेरीज तिसरा एक मनुष्य असू शकतो, ज्याच्यासाठी मागावयाचे तो. आणि त्याची श्रद्धा मागणाऱ्याहून निराळी असू शकते, किंबहुना त्यास श्रद्धाच नसू शकते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. अशा माणसास 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू' असे म्हणावे की न म्हणावे? आणि कोणी म्हटले, तर त्याने ते कोणत्या भावनेने ऐकून घ्यावे?

प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा दिसतो. परंतु तो उभा राहतो तो बहुधा आजाऱ्याच्या उशाशी किंवा मरणाच्या दारी, म्हणजे मनुष्य दुबळा झालेला असतो आणि 'नको' म्हणण्याचेही त्राण त्याच्या अंगी नसते अशा वेळी. शिवाय आज आपल्या मध्यमवर्गीय घरांतून हा प्रसंग पूर्वीइतका विरळ राहिलेला नाही. डॉक्टर एका धर्माचे, परिचारिका दुसऱ्या धर्माची, शेजारी तिसऱ्या धर्माचा, सून चौथ्या धर्माच्या घरातून आलेली, आणि घरचा कर्ता मुलगा देवच न मानणारा, असे चित्र एकाच रुग्णालयाच्या एकाच खोलीत पाहावयास मिळते. तेथे प्रेमाने उच्चारलेले एक वाक्य एकाच्या मनास आधार देते, तर दुसऱ्याच्या मनास डंख करून जाते. असे का व्हावे, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

यावर तात्त्विक प्रबंध रचण्यापेक्षा, ज्यांच्यावर हा प्रसंग प्रत्यक्ष गुदरला त्यांनी काय लिहून ठेविले आहे ते पाहणे अधिक श्रेयस्कर होय. आम्ही येथे दोन पुस्तके मुख्यतः समोर ठेविली आहेत. पहिले गांधीजींची आत्मकथा, म्हणजेच 'सत्याचे प्रयोग'. दुसरे इंग्रज लेखक ख्रिस्तोफर हिचन्स यांचे, त्यांच्या मृत्यूनंतर २०१२ साली प्रसिद्ध झालेले 'मॉर्टॅलिटी'. दोघांसाठीही भिन्न श्रद्धेच्या लोकांनी प्रार्थना केली. पहिला तेव्हा धर्माच्या शोधात असलेला तरुण होता, दुसरा मृत्यूच्या छायेत वावरणारा कट्टा नास्तिक. दोघांच्या लेखणीतून उतरलेले अनुभव शेजारी शेजारी ठेवून वाचले असता पुष्कळ उलगडा होतो.

आत्मकथा मूळ गुजरातीत 'नवजीवन' साप्ताहिकातून १९२५ ते १९२९ या काळात प्रकरणशः प्रसिद्ध झाली. प्रस्तुत प्रसंग तिच्या दुसऱ्या भागात आहे. १८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या दाव्याच्या कामी गांधीजी प्रिटोरियास गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. त्या दाव्यातील वकील बेकर हे धर्मप्रचारकही होते व त्यांनी स्वखर्चाने एक प्रार्थनामंदिर बांधिले होते. त्यांनी धर्माविषयी विचारले तेव्हा गांधीजींनी काहीएक आडपडदा न ठेविता सांगितले, की आपण जन्माने हिंदू असलो तरी स्वधर्माचे आपले ज्ञान थोडे, परधर्माचे त्याहून थोडे, आणि आपली श्रद्धा कोणती आहे व कोणती असावी हेही आपणांस नीटसे उमगलेले नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी एक वाजता बेकर त्यांस आपल्या स्नेह्यांच्या नित्य प्रार्थनेस घेऊन गेले. सर्वांनी गुडघे टेकले, गांधीजींनीही टेकले. जेमतेम पाच मिनिटांच्या त्या प्रार्थनेत नव्या पाहुण्यासाठी एक मागणे जोडण्यात आले. त्यास मार्ग दिसावा, त्यास शांती लाभावी, आणि येशूने जसे आपणांस तारिले तसे त्यासही तारावे, असा त्याचा आशय होता. जेवणाची वेळ झाल्याने मंडळी मग आपापल्या घरी गेली.

या मागण्याकडे किंचित बारकाईने पाहिले असता त्यात दोन निरनिराळी मागणी एकत्र गुंफलेली आढळतात. मार्ग दिसावा ही इच्छा गांधीजींची स्वतःची होती. आदल्याच दिवशी त्यांनी ती जवळजवळ बोलून दाखविली होती. येशूने तारावे ही इच्छा मात्र बेकर यांची होती. पहिल्या मागण्यात त्या मंडळींनी पाहुण्याच्या मनातील गोष्ट देवापुढे नेली; दुसऱ्यात आपल्या मनातील गोष्ट पाहुण्याच्या नावावर घातली. गांधीजींनी दोन्ही एका दमात नोंदविली आहेत, आणि त्यांवर आपले मत दिलेले नाही. ही त्यांची अलिप्तता शैलीच्या दृष्टीने मोलाची खरी. तरी एक उणीव भासल्यावाचून राहत नाही. परक्या देवापुढे गुडघे टेकून स्वतःविषयीचे ते मागणे ऐकत असता त्या तरुणाच्या मनात काय चालले होते, संकोच की कृतज्ञता, हे तो सांगत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर लिहिणाऱ्या लेखकाच्या मनात ऋणाची भावना एवढी दाटलेली असावी, की तिच्यापुढे त्या क्षणाची सल पुसट झाली असेल.

ही उणीव पुढील एका प्रसंगाने भरून निघते, आणि आमच्या मते या विषयावरील सारे शहाणपण त्या एका प्रसंगात साठविलेले आहे. त्या मंडळींत कोट्स नावाचे एक क्वेकर पंथाचे तरुण गृहस्थ होते. मनाने मोकळे, स्नेहास जागणारे. त्यांनी गांधीजींस पुस्तके आणून दिली, त्यांवर चर्चा केली, दर रविवारी त्यांची धार्मिक रोजनिशी वाचली. एके दिवशी त्यांची दृष्टी गांधीजींच्या गळ्यातील तुळशीच्या माळेवर गेली. ही भोळसर समजूत तुम्हांस शोभत नाही, आणा ती, मी तोडून टाकतो, असे ते म्हणाले. गांधीजींनी ती तोडू दिली नाही. माळेचा गूढार्थ आपणांस ठाऊक नाही, ती न घातल्याने आपले काही वाईट होईल असेही वाटत नाही. परंतु आईने प्रेमाने आणि आपले कल्याण होईल या विश्वासाने ती गळ्यात घातली आहे, तेव्हा सबळ कारणावाचून ती टाकता येणार नाही. कालांतराने आपोआप तुटली तर नवी घेण्याची इच्छा होणार नाही, असे त्यांच्या उत्तराचे सार आहे. कोट्स यांस हा युक्तिवाद पटला नाही, कारण आपल्या धर्माविषयी त्यांस आदर नव्हता, असेही गांधीजी नमूद करतात.

ती तुळशीची माळ म्हणजे दुसरे काय होते? तीही एक प्रार्थनाच होती. पुतळीबाईंनी मुलाच्या कल्याणासाठी देवाजवळ केलेले मागणे त्या मण्यांत ओवलेले होते; आणि १८९३ साली त्या मातेस जाऊन दोन वर्षे झाली होती. म्हणजे प्रिटोरियात या तरुणासाठी दोन प्रार्थना चालू होत्या, एक आईची व एक बेकरमंडळींची. आणि दुसरी करणारा पहिली तोडावयास निघाला होता. गांधीजींची भूमिका या ठिकाणी कशी आहे पाहा. ज्या श्रद्धेने माळ घातली गेली, ती त्यांच्या ठायी त्या वेळी पूर्णत्वाने नव्हती. तरीसुद्धा ती श्रद्धा आणि तिच्यामागचे प्रेम या दोहोंत त्यांनी भेद केला, आणि प्रेम राखिले. श्रद्धेत वाटेकरी न होता दुसऱ्याच्या प्रार्थनेचा स्वीकार कसा करावा, याचे याहून सुंदर उदाहरण आमच्या वाचनात नाही. कोट्स यांच्या हातून हेच झाले नाही. त्यांस माळ दिसली, आई दिसली नाही.

परंतु याच कोट्स यांची दुसरी बाजू सांगितली नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. प्रिटोरियात रात्री नऊनंतर परवान्यावाचून हिंडण्याची काळ्या लोकांस बंदी होती. कोट्स रात्री गांधीजींबरोबर फिरावयास जात, आणि त्यांस अडथळा होऊ नये म्हणून सरकारी वकिलांकडे त्यांस घेऊन जाणारेही तेच. पुढे एकदा अध्यक्ष क्रूगर यांच्या घराजवळील पदपथावरून जात असता पहारेकऱ्याने गांधीजींस ढकलून व लाथ मारून खाली उतरविले, तेव्हा कोट्स योगायोगाने घोड्यावरून तिकडून जात होते. आपण सर्व काही पाहिले आहे, दावा लावल्यास आपण साक्ष देऊ, असे त्यांनी तेथल्या तेथे सांगितले. बेकर यांचेही तसेच. वेलिंग्टन येथील धर्मपरिषदेस ते गांधीजींस घेऊन गेले, तेव्हा प्रवासात व मुक्कामाच्या ठिकाणी या 'काळ्या' सोबत्यापायी त्यांस अनेक अडचणी सोसाव्या लागल्या, आणि त्या त्यांनी सोसल्या. त्या परिषदेत पुष्कळ लोक आपल्यासाठी प्रार्थना करीत असल्याचे गांधीजींस दिसले. त्यांच्या श्रद्धेने त्यांस आनंद झाला, भजने गोड वाटली, पण धर्म बदलण्याचे कारण मात्र दिसले नाही. त्या मित्रांनी इच्छिलेल्या मार्गाहून आपण निराळ्या मार्गाने गेलो, तरी त्यांनी जागविलेल्या धर्मजिज्ञासेबद्दल आपण त्यांचे सदैव ऋणी आहोत, असा त्यांनी या हकीकतीचा शेवट केला आहे. आमच्या समजुतीप्रमाणे हे ऋण प्रार्थनेपेक्षाही तिच्या मागेपुढे केलेल्या कृतींचे आहे. जो साक्षीस उभा राहतो, त्याने प्रार्थना केली तरी ती बोचत नाही.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे वळू. हिचन्स यांनी देव व धर्म यांवर आयुष्यभर प्रखर टीका केली. २०१० च्या उन्हाळ्यात त्यांस अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले, आणि २०११ च्या डिसेंबरात ते निवर्तले. मधल्या दीड वर्षात त्यांनी आजारपणावर जे लेख लिहिले, त्यांचा संग्रह म्हणजे हे छोटेखानी पुस्तक. २० सप्टेंबर २०१० हा दिवस त्यांच्यासाठी सर्वांनी प्रार्थना करण्याचा दिवस म्हणून अमेरिकेतील काही श्रद्धाळूंनी जाहीर केला होता. त्यावर लिहिताना हिचन्स प्रथम एक साधा प्रश्न टाकतात: प्रार्थना कशासाठी? आणि मग ते मागणाऱ्यांची वर्गवारी लावतात. काहींस त्यांचे मरण व नरकवास हवा होता. काहींस ते बरे व्हावेत असे मनापासून वाटत होते. काहींस देह बरा होवो न होवो, पण आत्मा शरण यावा अशी तळमळ होती. आपण बरे झालोच, तर प्रार्थना फळास आल्याचा डंका पिटला जाईल, याचीही त्यांस आधीच चीड येते.

येथे हिचन्स यांची बुद्धी अचूक ठिकाणी पोहोचते. 'तुमच्यासाठी प्रार्थना' या दोन शब्दांत काय काय दडलेले असू शकते, हे त्यांनी उघडे करून दाखविले. गांधीजींनी जे दोन धागे एकत्र नोंदवून सोडून दिले, ते हिचन्स यांनी निरनिराळे करून वाचकाच्या हाती दिले. या दृष्टीने त्यांचे विश्लेषण अधिक काटेकोर आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यांच्या लेखणीस विनोदाची व उपरोधाची एवढी सवय जडलेली, की ज्यांनी निर्मळ मनाने केवळ आरोग्य चिंतिले त्यांच्याकडेही ती ओशाळवाणा कटाक्ष टाकूनच पुढे जाते. बहिऱ्या आकाशास व्यर्थ त्रास देऊ नका, तुम्हांस त्याने बरे वाटत असेल तर गोष्ट निराळी, अशा आशयाचे त्यांचे सांगणे आहे. हे उत्तर चतुर आहे. गांधीजींच्या माळेविषयीच्या उत्तरात जो ओलावा आहे, तो त्यात नाही.

तथापि त्याच लेखसंग्रहात एक लहानसा उल्लेख आहे, आणि तो आम्हांस सबंध पुस्तकाचा गाभा वाटतो. मानवी जनुकांच्या आराखड्याचे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली पुरे झाले ते शास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स हे श्रद्धाळू ख्रिस्ती. हिचन्स यांच्याशी त्यांचे देवाविषयी वाद झालेले. आजारपणात कॉलिन्स आपला वेळ मोडून त्यांच्याकडे येत व नव्या उपचारांविषयी चर्चा करीत. हिचन्स लिहितात, की त्यांनी प्रार्थनेची गोष्ट काढिली नाही आणि आपणही त्यांच्या श्रद्धेची थट्टा केली नाही. कॉलिन्स यांनी घरी जाऊन काय केले, हे त्या उल्लेखावरून कळत नाही, व कळण्याचे कारणही नाही. पण आजाऱ्याच्या खोलीत ते शास्त्र घेऊन आले, कारण तेच त्या आजाऱ्यास चालणारे होते. वादात कधी हार न मानणाऱ्या लेखकाने जेथे आपली तलवार म्यान केली, असे हे ठिकाण आहे.

यावरून जो विचार आम्हांस सुचतो तो असा. आपण ज्यास 'दुसऱ्यासाठी प्रार्थना करणे' म्हणतो, त्यात वस्तुतः दोन कृती आहेत. प्रार्थना करणे ही एक. आणि 'मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो' असे सांगणे ही दुसरी. पहिली देवाशी आहे. तिच्यात काय मागावे यावर जगातील कोणाचा निर्बंध चालत नाही व चालूही नये. दुसरी मात्र माणसाशी आहे. आणि माणसाशी बोलताना जे नियम इतर बोलण्यास लागू पडतात, ते सर्व तिला लागू पडतात. येशूने गिरिप्रवचनात दार लावून एकांती प्रार्थना करण्याचा जो उपदेश केला आहे, त्यातही हा विवेक दिसतो. वादाचे मूळ बहुधा असे असते, की मनुष्य दुसरी कृती करतो आणि तिच्यासाठी पहिलीचे पावित्र्य मागतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, असे दाखविणारा एक शास्त्रीय प्रयोगही झालेला आहे. २००६ साली अमेरिकेतील हर्बर्ट बेन्सन व त्यांचे सहकारी यांनी हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांचे तीन गट होते. पहिल्या दोन गटांस आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही एवढेच सांगितले होते. त्यांपैकी एका गटासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटास ती निश्चित होणार असे सांगितले होते, व ती झाली. पहिल्या गटात ५२ टक्के व दुसऱ्यात ५१ टक्के रुग्णांच्या प्रकृतीत काही ना काही गुंतागुंत उद्भवली, म्हणजे फरक पडला नाही म्हणावयाचा. तिसऱ्या गटात मात्र हे प्रमाण ५९ टक्के निघाले. हा आकडा योगायोगाचाही असू शकेल, आणि देवाच्या अस्तित्वाविषयी त्यावरून काही सिद्ध करू पाहणे हास्यास्पद होईल. परंतु सांगणे ही न सांगण्याहून निराळी कृती आहे, तिचा भार ऐकणाऱ्यावर पडू शकतो, हा विचार तो आकडा मनात उभा करतो. माझ्यासाठी एवढे लोक देवास साकडे घालीत आहेत, मग माझी स्थिती खरोखरच एवढी वाईट आहे काय, असे कोणाच्या मनात आले असल्यास नवल नाही.

यावर श्रद्धाळू वाचक म्हणतील, की आमच्या श्रद्धेप्रमाणे आत्म्याचा उद्धार हेच परम कल्याण. मग आजाऱ्याच्या देहासाठी तेवढे मागावे आणि आत्म्याविषयी मुके राहावे, हा अप्रामाणिकपणा नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. ज्यास पलीकडच्या काठावर घर आहे अशी खात्री आहे, त्याने बुडणाऱ्यास हाक मारू नये, असे कोण म्हणेल? परंतु हाक मारावयाची तर ती उघडपणे मारावी. बेकर यांनी पहिल्याच भेटीत धर्माचा विषय काढिला, आपली श्रद्धा सांगितली, गांधीजींस उत्तर देण्यास अवसर दिला. हा सरळ संवाद झाला. त्याच गोष्टी प्रार्थनेच्या रूपाने ऐकविल्या, की उत्तर देण्याची सोय उरत नाही. युक्तिवादास प्रतिवाद करता येतो. मिटलेल्या डोळ्यांस व जोडलेल्या हातांस काय प्रतिवाद करावा? ज्यास दुसऱ्याचे मन वळवावयाचे आहे त्याने त्याच्याशी बोलावे, आणि ज्यास देवाशी बोलावयाचे आहे त्याने देवाशी बोलावे. एकाशी बोलण्याचे निमित्त करून दुसऱ्यास ऐकविणे, हे लेकी बोले सुने लागे अशातलेच होय.

ही चर्चा ऐकून, हा तर ख्रिस्ती प्रचारकांचा प्रश्न, आमच्याकडे त्याचे काय, असे कोणास वाटत असेल तर त्याने आपल्या घरातील नवस आठवून पाहावा. मुलगा तापाने फणफणला की आई जेजुरीस किंवा तुळजापुरास नवस बोलते. तो बरा झाला, की त्यास सांगण्यात येते, 'तुझ्या नावाने बोलले आहे रे, आता तुला येऊन पाया पडले पाहिजे.' मुलगा देव मानीत नाही, हे आईस पक्के ठाऊक असते. म्हणजे मागितले आईने, मान्य केले देवाने, आणि फेड करावयाची मुलाने! महामृत्युंजयाच्या जपासाठी संकल्प सोडताना आजाऱ्याचे नाव व गोत्र घेतात. त्याची संमती घेण्याचा प्रघात नाही. एकाच धर्माच्या, एकाच रक्ताच्या माणसांतही ही ओढाताण असते. तेव्हा परधर्मीयांस दोष देण्यापूर्वी आपण आपल्या देव्हाऱ्याकडे पाहिलेले बरे. उलट, श्रद्धा भिन्न असल्यानेच मन दुखावते असेही नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीस मेणाची बाहुली किंवा मेणाचा हात-पाय वाहणाऱ्या हिंदू स्त्रिया मुंबईत कमी नाहीत. तेथे परक्या देवाकडे जाणारी आपल्या पायांनी जाते, आणि आपले मागणे आपण ठरविते. म्हणून काही बोचत नाही.

आपल्या वाङ्मयात या विवेकाचा आदर्श नाही असे मात्र नाही. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानदेवांनी विश्वात्मक देवापाशी जे पसायदान मागितले, ते दुसऱ्यांसाठीच आहे. त्यात दुष्टांचे दुष्टपण जावे असे मागणे आहे खरे; पण त्यांनी अमुक पंथास यावे, असे नाही. आणि पुढे तर ज्यास जे हवे असेल ते त्यास मिळो, असे मागून ज्ञानदेवांनी मागण्याचा अधिकारच ज्याचा त्यास परत केला आहे. सहाशे वर्षांनंतरचे दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे, जी चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली झाला. मधल्या काळात पतीच्या मनात काय होते, हे कोणास सांगावयास नको. पण लक्ष्मीबाईंचे पाऊल उचलले गेले ते स्वतःच्या विचाराने, आणि म्हणूनच ते पुस्तक दोन्ही धर्मांच्या वाचकांस आपले वाटते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. सांगणारा व ऐकणारा यांची पायरी सारखी नसेल, तर अधिक जपावे लागते. २००८ च्या अखेरीस इंग्लंडात घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एका परिचारिकेने रुग्णास 'आपल्यासाठी प्रार्थना करू का?' असे विचारले. रुग्णाने नको म्हटले व तो विषय तेथेच संपला. पण गोष्ट वरिष्ठांच्या कानी गेली, परिचारिकेस कामावरून दूर ठेवण्यात आले, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा कामावर घेण्यात आले. त्या बाईने विचारले, परस्पर केली नाही. आणि नकार मिळताच तो मानला. तिच्यावर एवढी कठोरता कशास, असे आम्हांस वाटते. तरी ज्याच्या हाती आपली जखम बांधणे आहे त्यास 'नको' म्हणणे सर्वांस साधत नाही, हेही खरेच. बेकर यांस नकार देणे गांधीजींस सोपे होते काय, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

त्याचे उत्तर गांधीजींनी आपल्या आयुष्याच्या शेवटी, स्वतः प्रार्थना चालविणाऱ्याच्या जागी असता दिले, असे म्हणता येईल. १९४७ च्या एप्रिलात दिल्लीच्या भंगी वस्तीतील त्यांच्या सायंप्रार्थनेत कुराणातील वचने म्हणण्यास काही श्रोत्यांनी हरकत घेतली. गांधीजींनी ती वचने गाळली नाहीत. तशीच, हरकत घेणाऱ्यांस दामटून प्रार्थना पुढेही रेटली नाही. त्यांनी त्या सायंकाळी प्रार्थनाच थांबविली, आणि नंतरही कोणाची हरकत आहे काय, हे आधी विचारून घेतले. समुदाय त्यांच्या बाजूचा होता, आणि एका शब्दासरशी विरोधकांस बाहेर काढता आले असते. आपली प्रार्थना न बदलता दुसऱ्याचा नकार मानणे, ही दोन्ही टोके एकाच वेळी सांभाळता येतात, हे तेथे दिसले. प्रिटोरियात त्यास कोणी 'चालेल ना?' असे विचारल्याची नोंद नाही. दिल्लीत त्याने स्वतः विचारले.

तेव्हा या दोन ग्रंथकारांपैकी अधिक खोल कोणी पाहिले, असे आम्हांस विचाराल, तर प्रश्न कसा करावा हे हिचन्स यांच्याकडून शिकावे, आणि उत्तर कसे द्यावे हे गांधीजींकडून, असे आम्ही म्हणू. प्रार्थना करणाराने ती बोलून दाखविण्यापूर्वी एवढे पाहावे, की जे मागावयाचे ते समोरच्या माणसाने स्वतःसाठी मागितले असते काय, आणि 'नको' म्हणण्याची वाट त्यास मोकळी आहे काय. दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तर अवश्य सांगावे. नसेल तर देव्हाऱ्यापुढे, चर्चमध्ये वा मशिदीत मन भरून मागावे, आणि आजाऱ्याच्या खोलीत मोसंबीचा रस घेऊन जावे, रात्री त्याच्या उशाशी जागावे. ज्यास श्रद्धा नाही त्यानेही, कोणी भाबडेपणाने 'तुमच्यासाठी देवास सांगितले आहे' असे म्हटले, तर तर्काची कात्री उचलण्यापूर्वी ती माळ कोणी व का ओवली याचा क्षणभर विचार करावा. देवाच्या दरबारी कोणाचे मागणे पोहोचते, हे ठरविणे आपल्या हाती नाही. पण माणसाच्या मनापर्यंत ते कोणत्या रूपाने पोहोचेल, हे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.